झाकणाच्या आतली तारीख

१६ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पार्सल मंगळवारी सकाळी मिळालं. दुकानात न नेता मी ते घरीच उघडलं. खिडकीपाशी पाट ओढला, त्यावर पांढरा कपडा अंथरला आणि डोळ्याला भिंग लावलं. हिने विचारलं, "आज घरीच दुकान मांडलंत का?" मी काही बोललो नाही. नेहमीप्रमाणे.

आम्ही बरे आहोत. हिचा गुडघा थंडीत धरतो, पण कामं उरकते. माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर पुन्हा वाढला. तुझी तब्येत कशी आहे? जेवतेस ना वेळेवर? एकट्यासाठी कोण चूल पेटवणार, असं करू नकोस. शिकवणीची मुलं पुन्हा येऊ लागली का? त्यांच्या गलक्यात तुझा दिवस जाईल.

घड्याळाबरोबर तुझी चिठ्ठी होती. "यांच्या ऑफिसच्या बॅगेत आतल्या खणात सापडलं. वर्षभर तर कपाटात पडलं होतं, बॅगेत कधी ठेवलं कोण जाणे. बंद पडलंय. चालू करून दे. नवंच आहे, तुला वेळ लागणार नाही."

नवंच आहे, हे तू अजून लिहितेस. ते वाचून मी भिंग काढून ठेवलं.

फोनवर मला हे सांगता येणार नाही, म्हणून लिहितो. लहानपणी तू मला घुम्या म्हणायचीस, ते उगाच नव्हे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ धुऊन, तेल घालून दुरुस्त केलं, की कारागीर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरतो. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. पुढे कधी दुसऱ्या कारागिराने झाकण उघडलं, तर त्याला कळतं की याआधी कोणाचा हात लागला आणि कधी. नुसतं उघडून पाहिलं तर खूण करायची नाही, काम केलं तरच. मला काम शिकवणारे म्हातारबुवा म्हणत, "सही केल्याशिवाय झाकण लावायचं नाही. देव बघतो, आणि त्याच्यानंतर दुसरा घड्याळजी बघतो." माझी खूण म्हणजे एक टिंब आणि त्याखाली आडवी रेघ.

मंगळवारी मी झाकण उघडलं. आत टिंब होतं, रेघ होती, आणि तू घड्याळ घेतलंस त्याच्या चार वर्षं आधीची तारीख होती. त्यातला चारचा आकडा गावच्या शाळेत गुरुजींनी घोटून घेतलेला, पोट फुगलेला. माझाच.

ताई, ते घड्याळ नवं नव्हतं.

कोणी वापरलेलंही नव्हतं, तेही खरं. ते आमच्या दुकानाच्या मालकाच्या, शेठच्या, तिजोरीत पडून होतं. आधी तीन वर्षं, मग तेल सुकून अडलं म्हणून शेठने मला ते साफ करायला दिलं, आणि त्यानंतर आणखी चार वर्षं. विकायच्या मालावर खूण करायची नसते, पण हाताला ते कुठलं कळायला! वीस वर्षांची सवय, सुई आपोआप चालली. झाकण लावलं आणि मी ते विसरूनही गेलो.

तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाआधी तू दुकानात आलीस. शिकवणीतून साठवून साठवून तू भाऊजींसाठी भारी घड्याळ घ्यायला निघाली होतीस. काउंटरवर शेठला म्हणालीस, "माझा भाऊ इथे आहे म्हणून आलेय हो, नाहीतर या काचेच्या दुकानात शिरायचं धाडस नसतं झालं." शेठने तो ट्रे काढला. तो तिजोरीतल्या जुन्या मालाचा ट्रे, मला ओळखू आला. नवा माल महिन्याभरात येणार होता. "ताई, महिनाभर थांब" एवढेच शब्द बोलायचे होते. शेठने माझ्याकडे पाहिलं आणि मी टेबलावरच्या स्क्रूकडे पाहिलं. गॅरंटी कार्डावर त्या दिवसाची तारीख पडली.

मी मनाशी म्हटलं, कोणी घातलेलं नाही, मग नवंच की. शेठचं तर ठरलेलं वाक्य आहे, "पस्तिशीत लग्न झालं म्हणून नवरीला जुनी म्हणतात का?" आम्ही सगळे त्यावर हसतो. मीही हसत आलो.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. ऑफिसात कोणीतरी भाऊजींना सगळ्यांसमोर म्हणालं, "साहेब, हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. वहिनींनी कुठून पैदा केलं?" घड्याळ दिवसाला दहा मिनिटं मागेही पडायला लागलं होतं. भाऊजींनी ते बाजाराच्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे उघडून घेतलं. आतली खूण पाहून तो म्हणाला, हे दुरुस्तीला येऊन गेलेलं आहे, कोणीतरी तुम्हाला वापरलेलं विकलं. तिथून भाऊजी सरळ माझ्याकडे आले. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून मला बाहेर पायरीवर बोलावलं.

"घुम्या, एकदाच विचारतो. हे नवं होतं का?"

"नवंच होतं, भाऊजी."

"मग आतली तारीख?"

"ती कारखान्याची असते."

काचेच्या दारापलीकडे शेठ उभा होता. लाज वाटली म्हणून खोटं बोललो असं लिहिणं सोपं होतं. मला भीती वाटली. या वयात, या डोळ्यांनी, मला दुसरीकडे कोण कामाला ठेवणार, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. भाऊजींनी घड्याळ खिशात टाकलं. "बरं," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

त्यांना वाटलं, दुकानाने फसवलं असतं तर सख्खा भाऊ बहिणीपासून ते लपवेल कशाला? म्हणजे दोघा भावंडांनी मिळूनच वापरलेलं घड्याळ आपल्या गळ्यात मारलं. त्याच रात्री तू मला फोन केलास. मी तुलाही तेच सांगितलं. आणि तू त्यांच्यासमोर, पोरासमोर छातीठोकपणे म्हणालीस, "माझा भाऊ खोटं बोलत नाही." त्या एका वाक्याने तुझ्या घरात वर्षभर अबोला आला. भाऊजींनी घड्याळ काढून कपाटात टाकलं. ते गेले त्या आठवड्यात, घरभर माणसं बसलेली असताना, तुझा मुलगा तुला म्हणाला, "आई, बाबांना निदान जाताना तरी खरं सांगायचंस." मी दाराशी चपला सरळ करत होतो. मी ऐकलं, आणि पुढची चप्पल सरळ केली. तो खोली घेऊन वेगळा राहायला गेला, तुझा फोन घेईनासा झाला, तरी मी गप्पच.

रोज सकाळी देवापुढे बसतो. जप तोंडातल्या तोंडात चालू राहतो. पण "तुझ्यापासून काही लपलेलं नाही" ही ओळ आली की गेली दोन वर्षं मी ती गाळतो. त्याला जणू ते कळतच नाही.

आता झाकणातलं दुसरं सांगतो. माझ्या खुणेशेजारी आणखी एक खूण होती. छोटा त्रिकोण, ताजा, आणि तारीख भाऊजी गेले त्याच्या दोनच दिवस आधीची. म्हणजे कोणीतरी नुसतं उघडलं नव्हतं, काम केलं होतं.

त्रिकोण ही कोपऱ्यावरच्या घड्याळजीची खूण; त्याच दुपारी मी त्याच्याकडे गेलो. हातातलं काम न सोडता तो बोलला. "हो, स्वतः आले होते. म्हणाले, धुऊन तेल घालून द्या. मी म्हटलं, तुम्ही तर हे फेकायला निघाला होता. तर हसले. म्हणाले, बायकोने दिलंय. जुनं असलं तर असलं, मी तरी कुठे नवा आहे? शनिवारी संध्याकाळी घेऊन गेले."

सोमवारी सकाळी ते गेले. त्यांनी घड्याळ बॅगेत ठेवलं होतं, ताई. कधी घालायचं, तुला काय म्हणायचं, हे ठरवत असतील. माझं खोटं तसंच राहिलं, आणि त्यांनी ते बाजूला ठेवून तुझ्याकडे यायची तयारी केली होती. तुला ते कळलं नाही. एक रविवार होता मध्ये.

आणि घड्याळ बिघडलेलं नाही. ते हाताच्या हालचालीवर चालतं, त्याला सेल नाही. कोणी घातलं नाही तर दोन दिवसांत थांबतं. मी ते नुसतं हातात घेऊन हलवलं आणि ते चालू झालं.

बुधवारी मी शेठला सांगितलं की, यापुढे तिजोरीतला जुना माल मी नवा करून देणार नाही, आणि माझ्या घरच्यांना या घड्याळाचं खरं सांगणार आहे. तो म्हणाला, "घरची भांडणं दुकानात आणायची नाहीत. आणायची असतील तर उद्यापासून घरीच बसा." मी माझं भिंग आणि दोन चिमटे रुमालात बांधले. ते माझे स्वतःचे होते.

शुक्रवारी तुझ्या मुलाच्या गोदामावर गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांची खोकी छपरापर्यंत रचलेली होती. तो हातात यादी घेऊन उभा होता. मी तिथेच एका खोक्यावर कपडा पसरून झाकण उघडलं, त्याला भिंग दिलं आणि सगळं सांगितलं. ट्रे, पायरी, कारखान्याची तारीख, त्रिकोण, सगळं. "तुझ्या आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, तेवढाच तिचा गुन्हा."

त्याने भिंगातून दोन्ही तारखा वाचल्या. मग म्हणाला, "मामा, आमच्याकडे ब्रेकचं रबरसुद्धा तारीख बघून विकतात. तू स्वतःच्या बहिणीला..." मी झाकण लावून घड्याळ पुढे केलं. त्याने ते घेतलं, मनगटावर बांधलं आणि पट्टा एक भोक आत ओढला. भाऊजींचं मनगट जाड होतं.

"आईकडे मी उद्या सकाळी जातो," तो म्हणाला. "तुम्ही आता निघा."

जन्मात पहिल्यांदा त्याने मला तुम्ही म्हटलं.

हे पत्र पोचेपर्यंत तो तुझ्याकडे येऊन गेलेला असेल. तू मला फोन करू नकोस. करावासा वाटला तरी थोडे दिवस जाऊ देत. मला माफ कर असंही लिहीत नाही, कारण ज्याच्याकडे माफी मागायला हवी त्या माणसाला मी पायरीवरून परत पाठवलं.

झाकण लावण्याआधी सुई माझ्या हातात होती. पण मी दुरुस्ती काही केली नव्हती. म्हणून खूण केली नाही.

काल रात्री देवापुढे ती ओळ म्हटली. आवाज काढून म्हटली. हिने आतून विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "ताईला सगळं सांगतोय."

सांगितलं, ताई.

तुझा
घुम्या