सिलार्डसाठी अक्रोडाचा केक

मी, वारकोनी पिरोश्का, कै. वारकोनी लाझार यांची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार तिसाहालोम, हे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रोग पोटात आहे, डोक्यात नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तशी छाती या गावात कोणाची नाही. आधीचे मृत्युपत्र, ज्यात सगळे मुलाला दिले होते, ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, अंगण आणि तळघर माझ्या दिराची मुलगी एमेशे हिला द्यावे. दीर गेल्यापासून ती माझ्याजवळ आहे. मला न्हाऊ घालते, अंथरूण बदलते. मी शिव्या घातल्या की म्हणते, "काकू, आज आवाज खणखणीत आहे, म्हणजे बरं वाटतंय तुम्हाला." गुणाची आहे, पण कणीक फार जाड लाटते.

कलम २. माझा एकुलता एक मुलगा सिलार्ड यास काहीही मिळू नये. पोटच्या मुलाचा हक्काचा वाटा नाकारायचा तर कारण लिहावे लागते, असे वकीलबाई म्हणाल्या. तर लिहिते.

मार्चमध्ये माझ्या पोटाचे ऑपरेशन झाले. सिलार्डला तीनदा निरोप गेला. तो आला, पण इस्पितळात नाही. लाकडाच्या व्यापाऱ्याला घेऊन थेट अंगणात आला आणि अक्रोडाचे झाड विकून मोकळा झाला. लग्नाच्या वर्षी लाझारने लावलेले झाड. एमेशे करवतीसमोर उभी राहिली, तेव्हा तिला म्हणाला, "बाजूला हो. म्हातारी काही परत येत नाही. कोणासाठी राखायचं?"

मी परत आले. फोन केला, तर म्हणतो, "अगं आई, सोललेले अक्रोड दुकानात मिळतात की! कशाला जीव जाळतेस?" त्यानंतर आजतागायत फिरकलेला नाही. मेल्या, तुझ्या तापात मी रात्री जागून काढल्या रे. 

कलम ३. केकचा पत्रा, लाटणे आणि अक्रोड दळायचे हातयंत्र एमेशेला. माळ्यावरच्या पोत्यात गेल्या वर्षीचे, त्या झाडाचे शेवटचे अक्रोड आहेत. ते कोणी मागितले तरी देऊ नयेत.

कलम ४. माझ्या दफनानंतरच्या जेवणाला झेर्बोच, म्हणजे आपला थराथरांचा अक्रोडाचा केक, करावा. एमेशे, नीट वाच. थर पातळ लाट, पलीकडचा हात दिसला पाहिजे. प्रत्येक थरावर जर्दाळूचा मुरंबा, त्यावर अक्रोडाची पूड आणि साखर. मुरंबा आंबटच हवा. वरच्या थराला काट्याने टोचायला विसरू नकोस, नाहीतर फुगतो. भाजून गार झाला की वर चॉकलेट ओत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सुरी लावू नकोस.

आता वाढण्याविषयी. आपल्याकडे केकच्या कडा कापून काढतात. त्या घरच्यांच्या. स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या, हातानेच खायच्या. बाहेर टेबलावर जातात ते मधले चौकोन, पाहुण्यांसाठी. सिलार्डने लहानपणापासून कधी मधला तुकडा खाल्ला नाही. सुरी हातात घेतली की हा मागे येऊन उभा.

दफनाला तो येईल; चार लोक काय म्हणतील याची त्याला काळजी आहे. त्याला टेबलाच्या टोकाशी, मानाच्या जागी बसवावे. सोनेरी काठाची बशी द्यावी, चांदीचा काटा द्यावा, आणि अगदी मधला चौकोन वाढावा. कॉफी हवी का, तेही विचारावे. कोणी भांडू नये, टोमणा मारू नये.

तरी सवयीने तो उठून स्वयंपाकघरात येईल, कडा मागेल. एमेशे, तेव्हा रडायचं नाही. हात पुसायचा आणि म्हणायचं, "आपण कशाला आलात आत? पाहुण्यांची सोय बाहेर केली आहे."

एमेशेला वाटा मिळत असल्याने साक्षीदार म्हणून तिची सही घेतलेली नाही. खालील दोघांसमोर मी सही केली. दोघांनाही कॉफी दिली.

साक्षीदार:
केलेमेन ज्युजाना, टपाल वाटणाऱ्या
बोद्नार लोरांत, निवृत्त घड्याळजी

सही: वारकोनी पिरोश्का
तिसाहालोम, १९ नोव्हेंबर २०१७