थेंब थेंब पाणी

ती. आईस साष्टांग नमस्कार. आधीच सांगते, मी वेळेवर जेवते आणि स्वेटरही घालते. बाबांचा गुडघा कसा आहे?

इथे प्रयोगशाळेत मी सूक्ष्मजंतू वाळवून काचेच्या नळ्यांत साठवते. वाळवण्याआधी त्यांना साखरेच्या पाण्यात ठेवायचं. मग पाणी उडून गेलं तरी साखर त्यांना सावरून धरते. वर्षानुवर्षं मेल्यासारखे पडून असतात, पण मेलेले नसतात.

परवा त्यांना जागं करायला मी घाईघाईत भसकन पाणी ओतलं. बहुतेक सगळे मेले. आमच्या बाई म्हणाल्या, "अगं, इतक्या कोरड्याला एकदम पाणी सोसत नाही. आधी नुसतं दमट हवेत ठेव, मग थेंब थेंब घाल." दुसरी नळी तशी केली, तर जंतू नुसते फोफावलेत!

दादा घरी परत आलाय पण तोंडातून शब्द काढत नाही, असं तू लिहिलंस. बाबा रोज "नोकरी का सोडलीस?" म्हणून त्याच्या मागे लागत असणार. त्यांना आवर. तूही त्याच्यापुढे रडू नकोस. नुसती त्याच्या खोलीत भाजी निवडत बस.

लहानपणी सगळी साखर त्यालाच भरवलीस, माझ्या वाटणीचीसुद्धा. तीच त्याला सावरून धरेल.

तुझी,
धाकटी