गरम गादीवरचा पराग

प्रिय वेनशिऊ,

तिरफळांच्या पिशवीत हे पत्र सापडेल. आधी तिरफळं उन्हात टाक, जरा ओलसर राहिलीत, आणि मग वाच. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नकोस. फोनवर सांगायचं म्हटलं की मला खोकला येतो आणि मी हवापाण्याचं बोलायला लागते. योंगछी दर रविवारी आईला म्हणून फोन करतो. मागे तुझी भांडी वाजतात, पण तू काही फोनवर येत नाहीस. मी विचारतही नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्यातली मी.

माझं म्हणशील तर ढकलतेय झालं. गुडघे शिडी बघूनच कुरकुरतात. बहर या वर्षी लवकर आला, सगळा डोंगरउतार पांढरा झाला, आणि मला मेलीला काही म्हणता काही आनंद झाला नाही. नाशपातीची चाळीस झाडं, फुलाफुलाला हाताने पराग लावायचे पाच दिवस, आणि चढणारं माणूस एकही नाही, एवढंच दिसत होतं. पण या वेळी तालुक्याच्या शेतीकेंद्राने उडतं यंत्र पाठवलं. पंख्यांचा कोळी म्हण. पराग पाण्यात कालवून पोटात घातला की घरघरत झाडावरून जातं आणि शिंतोडे मारतं. भात शिजवून खाली उतरवेपर्यंत माझी चाळीस झाडं झाली. सोबत डेंग नावाची चुणचुणीत पोरगी होती. ती म्हणाली, ‘आजी, पुढे मुठीत मावतील अशा यांत्रिक माशा येणार आहेत. एकेका फुलावर बसतील.’ मी म्हटलं, ‘बाई, चावत नसतील आणि मध मागितला तर रागावत नसतील, तर खुशाल आण.’ खोटं कशाला सांगू, मला यंत्र आवडलं. गेल्या वर्षी वरच्या आळीतला म्हातारा फांदीवरून पडला तो अजून काठीवर आहे. कुणी चढायला नको, हे सुख काही थोडं नाही.

तू लग्न होऊन आलीस तो पहिला बहर आठवतो. ‘आई, हे काम मधमाश्या का करत नाहीत?’ असं तू विचारलंस आणि तुझे सासरे इतके हसले की चिलीम विझली. ‘फवारे मारून मारून आपणच त्यांना हाकललं, सूनबाई. आता त्यांची नोकरी आपल्या गळ्यात!’ त्यांनी तुझ्यासाठी कोंबडीची पिसं निवडून बांबूच्या काठीला बांधली, परागाची बाटली गळ्यात अडकवली. उंचीला घाबरणारी मुलगी तू. डोळे मिटून पहिल्या फांदीवर चढलीस आणि वरूनच ओरडलीस, ‘बाबा, माशी झाले मी!’ ते गेल्यावर घरात वर चढणारी तू एकटीच राहिलीस. मी खालच्या फांद्या करायची, तू वरच्या.

तर या वेळचं सांगते. यंत्रात पराग भरण्याआधी डेंगने घराघरातल्या बाटल्या मागितल्या आणि प्रत्येकीतला चिमूटभर पराग तासन्‌तास साखरपाण्यात ठेवून, जिवंत आहे का ते भिंगाच्या यंत्राखाली बघितलं. शेजारच्या पंगकाकूची बाटली तिने बाजूला काढली. ‘हा मेलाय, काकू. विजेच्या गादीवर वाळवला ना? जास्त तापला.’ रंग तसाच पिवळाधमक, वासही तोच. काकूने काय करावं? कपाळावर हात मारला आणि खदखदा हसली. ‘मीच ती! आवर्जून गादी दोन खटके वाढवली होती, लवकर वाळावा म्हणून. म्हणजे नुसती पावडरच लावली असती की मी फुलांच्या तोंडाला!’ सगळ्या हसल्या. अर्ध्या क्षणात मोकळी झाली बाई. मी मात्र बांधावरच बसले.

वेनशिऊ, तीन वर्षांपूर्वीचा तो बहर. पहिला पराग मी दोन दिवस सावकाश वाळवला होता, तो घेऊन मी खालच्या फांद्या केल्या. मग पाऊस येणार अशी बातमी आली. वरच्या फांद्या दुसऱ्याच दिवशी उरकायला हव्या होत्या. नवा पराग मी कागदावर पसरून माझ्याच गादीवर ठेवला, गादीचा खटका शेवटपर्यंत फिरवला, वर गोधडी घातली. सकाळी कागद हाताला चटका देत होता. तोच पराग बाटलीत भरून मी तुझ्या गळ्यात अडकवला.

मे महिन्यात फळांना कागदी पिशव्या बांधायला सगळ्या शेजारणी जमल्या, तेव्हा खाली नाशपाती लगडलेल्या आणि वर नुसती पानं. जेवणाच्या पंगतीत सगळ्यांदेखत मी म्हणाले, ‘आमच्या सूनबाई झाडावर चढतात त्या स्वतःचे फोटो काढायला. फुलांकडे बघायला सवड कुठली!’ तू हातातला घास खाली ठेवलास. ‘आई, मी एकूण एक फुलाला लावलाय,’ एवढंच म्हणालीस. मग त्या बायकांनी ते बोलणं महिनोन्‌महिने चघळलं. शेंगा फोडताना, नदीवर, लग्नात. नवीन वर्षाच्या आधीच तुम्ही दोघं शहरात, चेंगदूला निघून गेलात.

आता जे लिहिते त्यासाठीच हे पत्र. ‘मला डेंगने सांगितलं तेव्हा कळलं,’ असं लिहिलं असतं तर तुला खरं वाटलं असतं आणि माझीही अब्रू राहिली असती. पण मला त्याच पंगतीत माहीत होतं. तू घास खाली ठेवलास तेव्हा माझ्या बोटांना त्या कागदाचा चटका आठवला, आणि मी तोंड मिटून भात कालवत राहिले. सासूचं चुकलं म्हणण्यापेक्षा सुनेचं चुकलं म्हणणं सोपं होतं. परवा बांधावर बसल्या बसल्या मी हे पंगकाकूला आणि सगळ्यांना सांगितलं. कुणी हसलं नाही. यंत्राचं एक बरं आहे, त्याला कुणाच्या घरी नांदायचं नसतं. तुला नांदायचं होतं. आता झाडांना तुझी गरज नाही, म्हणून कामासाठी बोलावते असं तुला वाटणार नाही. तुझी पिसांची काठी दारामागे तशीच आहे. आलीस तर ये, नाही आलीस तर रागावण्याचा हक्क तुझा. पण एका रविवारी भांडी बाजूला ठेवून फोनवर ये. मला हे तोंडाने म्हणायचंय.

तुझीच, म्हणजे तुला तसं चालत असेल तर,
गुईल्येन