वारंडिला धावपट्टीच्या फलकावरील अर्धा तास

प्रति,
मा. धावपट्टी अधिकारी,
उत्तर विभाग कार्यालय, दक्षिण ऑस्ट्रेलिया.

विषय : कूनबारा ते वारंडिला उड्डाणाची चुकीची वेळ दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : आपण गेल्या महिन्यात लावलेला नवा फलक.

महोदय,

१. मी, आयोना पेदरिक, वय एकसष्ट, वारंडिला धावपट्टीची देखभाल गेली बावीस वर्षे करीत आहे. आपल्या फलकावर ‘अंतर २८० किलोमीटर, वेळ ४० मिनिटे’ असे लिहिले आहे. अंतर बरोबर आहे. वेळ मात्र निघतानाची कूनबाऱ्याच्या घड्याळाची आणि उतरतानाची आमच्या घड्याळाची धरली आहे. त्यांचे घड्याळ क्वीन्सलंडचे, आमच्यापुढे अर्धा तास. खरी वेळ एक तास दहा मिनिटे. ही चूक नव्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

२. माझा धाकटा भाऊ क्लेम टपालाचे विमान चालवी. अकरा वर्षांपूर्वी जूनमधल्या एका बुधवारी तो कूनबाऱ्याहून निघाला आणि पोहोचला नाही. मी ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने शोधासाठी कळवले. शोधविमान अंधार पडल्यामुळे परत फिरले, तेव्हा क्लेमपर्यंत पोहोचायला त्याला पंधरा मिनिटेच उरली होती. क्लेम सकाळी सापडला. डॉक्टरांच्या मते तो पहाटेपर्यंत जिवंत होता.

३. तेव्हापासून दर बुधवारी बरोबर चार वाजता मला विमानाचा आवाज ऐकू येतो. मी गाडी काढून धावपट्टीवरची कांगारू हाकलते. पेट्रोलपंपाचे मर्विन ट्रेझाइस हसतात. “आयोनाबाई, उतरवताय कुणाला? वर घारसुद्धा नाही!” परंतु महोदय, मी पोहोचण्याआधीच कांगारू माना वर करून बाजूला होतात, हे त्यांनीही पाहिले आहे. त्यानंतर ते बुधवारी पंप लवकर बंद करतात.

४. फलक लागल्यापासून वायरलेसवर क्लेमचा आवाजही येऊ लागला आहे. तो एवढेच विचारतो, “ताई, इथल्या घड्याळानं की तिथल्या?” मला फार भीती वाटते. मी अद्याप उत्तर दिलेले नाही. वायरलेस बदलून मिळाल्यास उपयोग होईल असे वाटत नाही. बंद करूनही पाहिला.

५. अपघाताच्या चौकशीत मी सांगितले होते की, क्लेम नुसते ‘साडेचार’ म्हणाला, घड्याळ कुठले ते बोलला नाही. त्यावरून अहवालात ‘वैमानिकाची चूक’ अशी नोंद झाली. आमची आई ती नोंद वाचून, ती खरी मानूनच वारली. वस्तुस्थिती अशी की, त्याने फोनवर स्पष्ट सांगितले होते, “ताई, साडेचारला उतरतो, इथल्या घड्याळानं हं. आणि मटण करपवू नकोस, मागच्या वेळी कोळसा वाढलास!” मी हसले, ते लिहूनही घेतले आणि स्वयंपाकाच्या नादात साडेचार आपल्याच घड्याळाचे धरून बसले. चिठ्ठी चौकशीआधी लपवली.

तरी विनंती की, फलकावर एक तास दहा मिनिटे लिहावे, आणि हा अर्ज चौकशी करणाऱ्यांकडे पाठवून अहवालातील ‘वैमानिकाची’ हा शब्द खोडावा व तेथे माझे नाव घालावे. हे बुधवारच्या आत झाल्यास मी त्याला उत्तर देऊ शकेन.

उशिरा का होईना, आपली नम्र,
आयोना पेदरिक
वारंडिला, शुक्रवार, १४ जून

सोबत : माझ्या हस्ताक्षरातील मूळ चिठ्ठी – ‘क्लेम, ४.३०, कूनबारा वेळ. म्हणजे आपले ४.’