उद्या वाटी आईच्या हातात

आदरणीय गिरजाआजी,

आधी क्षमा मागते. तुला पत्र लिहिण्याचा अधिकार माझा नाही. मी तुझी नात नाही, तुझ्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या वावरातल्या सुमनची मुलगी. तू होतीस तोवर तुझ्यासमोर एक वाक्यही मी धड पूर्ण केले नाही. शिवाय तुला वाचता येत नव्हते. घरी आलेला प्रत्येक कागद तू माझ्यापुढे टाकायचीस आणि म्हणायचीस, "वाच वं मास्तरीण." मग हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार? त्याचा विचार मी केला आहे. शेवटी सांगते.

आजच लिहायला बसले, कारण उद्या आमच्या वावरात सीतादही आहे. आणि तुझ्या शोकसभेत मी तुझ्याविषयी खोटे वाचले आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

शाळेत पहिली आलेली मुलगी म्हणून श्रद्धांजली वाचायचे काम माझ्याकडे आले. मी तीन पाने लिहिली. मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाने, ती वाचली आणि मधले पान काढून घडी करून माझ्या हातात परत दिले. "शोकसभेत भांडण लावून राहिली का, बेटा? गोड लिही." ते रागावले असते तर मी कदाचित अडून बसले असते. त्यांच्या मायेपुढे माझे काही चालले नाही.

मी उभी राहिले आणि वाचले, की गिरजाआजी शांत होत्या, सोशिक होत्या, त्यांनी कधी कुणाला उलट उत्तर दिले नाही. मागे कुणीतरी खोकल्याच्या आडून हसले. तुझी उत्तरे ज्यांनी पोटभर खाल्ली होती, त्यांनीही माना डोलावल्या.

तू आणि सोशिक! मला नागपूरच्या कॉलेजात पाठवायला घरचे कचरत होते, तेव्हा तूच ओसरीवर येऊन सांगितलेस, "मले त रोज कामठीच्या बजारात जाच लागते. येऊ द्या पोरीले संगं." महिनाभर तू वांग्यांची टोपली घेऊन माझ्यासोबत शेअर ऑटोत बसलीस. मी ऑटोपाशी पोहोचायच्या आत ड्रायव्हर गाडी हलवू लागला तर टोपली त्याच्या मांडीवर ठेवायचीस. संध्याकाळी टोपली तशीच भरलेली परत यायची. तू वांगी विकायला जातच नव्हतीस, हे मला किती उशिरा कळले! आणि कळल्यावरही मी तुला काही म्हटले नाही.

आता ते मधले पान.

पहिल्या वेचणीआधी पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, हळदकुंकू वाहायचे, तासातासांत, ओळीओळींतून, दहीभात शिंपडायचा, कापूस दह्यासारखा पांढरा येवो म्हणायचे. हे सीतादही सवाष्णीने करायचे, विधवेने दूर उभे राहायचे. तू तरुणपणीच विधवा झालीस. पहिल्या वर्षी तुझ्या वावरात तुझ्या जावेने दहीभाताची वाटी धरली. वावर नांगरणारी, निंदणारी, वेचणारी तू. आणि दही शिंपडणारी ती! दुसऱ्या वर्षी तू कुणालाही न विचारता स्वतः गेलीस. घरच्यांनी तुझ्याशी बोलणे टाकले. पऱ्हाटी मात्र नेहमीसारखीच फुटली.

इथे गावाने एक चूक केली. विधवेच्या हाताने काही बिघडत नाही, एवढा साधा अर्थ काढायचा सोडून, गिरजेचा हातच वेगळा आहे असे गावाने ठरवले. कुणाचा नवरा गेला की पहिल्या वेचणीला निरोप यायचा, "गिरजाबुढीले बोलवा." बाईने दूर उभे राहायचे, आणि तिच्या वावरात वाटी तू धरायची.

आजी, तू का जात राहिलीस? बाळंतिणीच्या वावरातले निंदण असो, कुणाला दवाखान्यात नेणे असो, तू कुणाला नाही म्हटले नाहीस, हे मला मान्य आहे. पण इथे एकदा नाही म्हटले असतेस तर ती वाटी त्या बायकांच्या हातात आपोआप गेली असती. तुलाही ते बोलावणे आवडू लागले होते का? हे विचारण्याचाही अधिकार माझा नाही, तरी विचारते.

कारण उत्तर तू मागच्या वर्षी दिलेस. बाबा गेल्यानंतरची आमची पहिली वेचणी. तू आलीस, हळदकुंकू वाहिलेस आणि दह्याची वाटी आईपुढे धरलीस. "धर वं सुमन. माह्या हातात का सोनं हाय?"

"माय, लोक काय म्हणतीन?"

"लोक येतात का तुह्या वावरात वेचाले? येतीन तवा पाहू."

आईने वाटी घेतली. हात इतका कापला, की तिने ती लगेच तुला परत दिली. तू दहीभात शिंपडलास, पण जाताना म्हणालीस, "पुढच्या साली मी येत नाही. तूच कर." तेव्हा तिथे आपण तिघीच होतो, आणि दूर खापरखेड्याच्या वीजकेंद्राची धुराडी. मोठेबाबांनी वगळलेल्या पानावर हेच लिहिले होते.

यंदा तू खरोखरच येणार नाहीस. मोठेबाबांनी ठरवून टाकले, की उद्या त्यांची बायको, माझी मोठीआई, वाटी धरेल. मोठीआई मला चुलीपाशी हळूच म्हणाली, "मले कुठं हौस हाय वं? पण नाही म्हटलं त हे फुगून बसतीन."

आज दुपारी मी ते मधले पान आईपुढे ठेवले. ती वेचणीची ओटी, कापूस टाकायला कमरेला बांधायची झोळी, शिवत होती. तिने दोनदा वाचले. पुन्हा टाके घालू लागली. मला वाटले, संपले. मग दोरा दाताने तोडून ती म्हणाली, "दुधाले विरजण लाव. दही घट्ट लागलं पाह्यजे."

विरजण मी लावले आहे. भांडे आता माझ्या पुस्तकांशेजारी, उबेला आहे.

आता तुला हे कोण वाचून दाखवणार, ते सांगते. हे पत्र मी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणार आहे. तिथे आजवर मी वाढदिवसाच्या शुभेच्छाही लिहिल्या नाहीत. मोठेबाबा त्या ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत; ते पत्र काढून टाकतील. पण तोवर ज्यांना वाचता येत नाही, त्या बायकांना त्यांच्या लेकी ते मोठ्याने वाचून दाखवत असतील. तुझ्यानंतर ज्यांच्या ज्यांच्या वावरात वाटी कोण धरणार हा प्रश्न आहे, त्यांनी ऐकावे. गिरजाआजी सोशिक नव्हती. तिच्या हातात सोने नव्हते. असे ती स्वतः म्हणाली आहे, आणि मी ऐकले आहे.

मोठेबाबा, तुम्हीही वाचालच. तुम्ही आमचे वावर पेरून दिलेत, हे मी विसरणार नाही. उद्या या. दहीभाताचा पहिला घास तुम्हालाच देऊ. वाटी मात्र देणार नाही.

आजी, तुला वचन देते. उद्या आईचा हात कापला तर मी खालून माझा हात लावीन. पण वाटी तिच्याच हातात राहील. आणि कुणी काही विचारले, तर या वेळी मी वाक्य पूर्ण करीन.

तुझी मास्तरीण,
स्नेहल

ग्रुपवर पाठवले : शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटे.