शुक्रवारचं भोपळ्याचं सूप

बुधवार, ५ मार्च. राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस.

कपाळावरची राख अजून पुसलेली नाही. निम्मी चष्म्यावर पडली. फादर शाजी केरळचे, वय चौतीस, मनानं चांगले, पण अंगठ्याला नेम नाही.

प्रवचनात म्हणाले, ईस्टरपर्यंत प्रत्येकानं रोज संध्याकाळी एका वहीत एक साधंसं सुख लिहावं. गरम चहा, वाळलेल्या कपड्यांचा वास, असलं काहीतरी. आणि स्वयंपाक साधा, काटकसरीचा ठेवावा. काटकसर! मला! मी एक टी-बॅग तीनदा वापरते आणि चौथ्यांदा तिनं खिडकीची काच पुसते.

तरी वही काढली. पोस्टातली आहे, रिटायर होताना तिथं पडून खराब झाली असती. निश्चय तीन. रोज एक सुख लिहायचं. काहीही वाया घालवायचं नाही. कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, वहीतसुद्धा.

चर्चमधली मिस्सा-प्रार्थना संपल्यावर रोझालिंडा पागादुआननं फादरना गाठलं. ही हॉस्पिटलातली नर्स, फिलिपिन्सची, दिसेल त्याला मिठी मारते. म्हणाली, या दिवसांतलं शुक्रवारचं सूप एकाच माणसावर का टाकायचं, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणावा. तो एक माणूस म्हणजे मी. एकोणीस वर्षं अख्ख्या वरिंगा गावाला चर्चच्या हॉलमध्ये मी सूप घातलंय. फादर म्हणाले, ईस्टरनंतरच्या मंगळवारी कमिटीत ठरवू. तोवर हॉलच्या स्वयंपाकघराची किल्ली माझ्या गळ्यात. नंतरही माझ्याच गळ्यात राहणार.

सुख: उद्यापासून.

शुक्रवार, ७ मार्च.

पहिलं सूप झालं. भोपळा सालीसकट, बार्ली, सेलरीचा पाला जो बाकीचे लोक फेकून देतात. तेवीस माणसं. सगळी गप्प बसून जेवली. अन्न चांगलं असलं की माणूस बोलत नाही.

मी अर्थात घेतलं नाही. शुक्रवार माझा कडक. कॉन्व्हेंटात सिस्टर अलॉयशस सांगायच्या की उपवासाच्या दिवशी रांधणाऱ्या बाईनं चमच्याच्या टोकानं चव घेतली तरी ते जेवणच. एकोणीस वर्षांत या सुपाचा एक थेंब माझ्या जिभेला लागलेला नाही. किती जणींना जमेल?

डेस हॅनराहन उरलेलं सूप किटलीत भरून घरी घेऊन गेला. बिचारा विधुर. त्याच्या भोपळ्यांवरच माझं सूप चालतं, दर आठवड्याला ढकलगाडीभर फाटकाशी आणून ओततो.

सुख: डेसनं किटली आणली, यातच सगळं आलं.

मंगळवार, ११ मार्च.

खाटकाकडून मानेची हाडं आणली. मेंढीच्या मानेची, मांस बऱ्यापैकी चिकटलेलं. कुत्र्यासाठी म्हटलं की फुकट देतो. कुत्र्याची चौकशी करत होता. बरा आहे, मी म्हणाले. नाव विचारलं तेव्हा घाईत 'मॉन्सिन्यॉर' म्हणून गेले, मोठ्या पाद्र्यांची पदवी. आमच्याकडे कुत्रा नाही.

हाडं भोपळा आणि बार्ली घालून चार तास शिजवली, गाळली, आइस्क्रीमच्या मोठ्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. हे घरचं, एरवीच्या वारांचं. शुक्रवारचं बिनहाडांचं, ते दुसऱ्या डब्यांत. ब्रायडी म्हणाली, डब्यांवर चिठ्ठ्या लाव. ब्रायडी माझी धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून चार वर्षं माझ्याकडे असते. चिठ्ठी म्हणजे कागद वाया आणि गोंदही वाया. बत्तीस वर्षं गावाची पत्रं नुसत्या अक्षरावरून ओळखली, मला दोन डबे ओळखता येणार नाहीत?

सुख: लिहायचं राहिलं.

शुक्रवार, १४ मार्च.

सतरा. उकाडा होता.

शुक्रवार, २१ मार्च.

अकरा. फुटबॉलची मॅच होती म्हणे. देवापुढं फुटबॉल. वीट आलाय या गावाचा.

एक बाई, नाव लिहीत नाही, कारण निश्चय, पण जिचे केस निळसर आहेत ती, वाडग्यात पाव बुडवून नुसता हलवत होती. शेवटी तो पावही ठेवून गेली. भिजलेला, फुगलेला पाव. किळस आली. सुकवून त्याचा चुरा केला.

शनिवार, २२ मार्च.

डेसकडे रिकामी टोपली द्यायला गेले. त्याच्या कोंबड्यांच्या चोची केशरी रंगानं माखलेल्या. पत्र्याच्या पाळ्यात कालचंच सूप. विचारलं तर टोपी हातात घेऊन नुसतं पाळ्याकडे बघत राहिला. बायको गेल्यापासून त्याची भूक मेली आहे, हे मी आधीच ओळखायला हवं होतं. निदान वाया गेलं नाही.

सुख: कोंबड्या तुकतुकीत आहेत.

शुक्रवार, ४ एप्रिल.



रोझालिंडा भलं मोठं भगोणं घेऊन आली. शेवया, कोबी, गाजर. 'सुपाला जोड म्हणून' आणल्या म्हणे. दहा मिनिटांत भांडं रिकामं. लोक किती भिडस्त असतात, परक्या बाईचं मन मोडायला नको म्हणून दोन-दोनदा वाढून घेतलं. माझं सूप तसंच राहिलं, कारण पोटात जागाच उरली नाही.

मी भांड्याचा वास घेतला. वास घेतला तर ते जेवण नव्हे. विचारलं, यात काय आहे? ती बिनधास्त म्हणाली, थोडी कोंबडीची पूड आहे, चवीपुरती. शुक्रवारी! मी सगळ्यांसमोर सुनावलं. आमच्या शाळेत असं झालं असतं तर भांडं अंगणात ओतून वर चुना टाकला असता. फादर मध्ये पडले. म्हणाले, या देशात मांस फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला वर्ज्य आहे, एरवीच्या शुक्रवारी चालतं. या देशात चालत असेल, सिस्टर अलॉयशसच्या देशात चालत नाही, मी म्हणाले. रोझालिंडाचे डोळे भरले. नर्स असून एवढी हळवी.

सुख: खरं बोलल्याचं समाधान.

रविवार, १३ एप्रिल. झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा.

परवाच्या शुक्रवारी नऊच माणसं होती. मी आणि ब्रायडी धरून.

पण गुड फ्रायडेला सगळं गाव येतं. दुपारी तीनच्या प्रार्थनेनंतर सगळे हॉलमध्ये येणारच, दिवसभराच्या उपाशी पोटी. त्या दिवशी सूप असं जमवायचं की मंगळवारी कमिटीला तोंड उघडायला जागा राहू नये. किल्ली माझ्याकडून गेली तर माझ्याकडे राहिलं काय? पोस्ट गेलं. गुडघे गेले. शुक्रवार तेवढा आहे.

फादरना चिठ्ठी दिली, त्यांनी मिस्सेत वाचली: गुड फ्रायडेला मांस नाही, रस्सा नाही, पूड नाही, वासही नाही. सही फिलोमेना कॉस्टिगन. वाचताना फादर जरा चाचरले, पण वाचली. रोझालिंडा मान खाली घालून बसली होती. तिच्याबद्दल वाईट लिहीत नाही.

बुधवार, १६ एप्रिल.

सर्दी. नाक दगडासारखं बंद. ब्रायडी लसूण घातलेलं दूध घेऊन आली. शी.

उद्या फ्रीझरमधून तीन डबे काढायचे. डावीकडचे.

शुक्रवार, १८ एप्रिल. गुड फ्रायडे. संध्याकाळी ६.

लिहायला हवं, जसं घडलं तसं.

अडतीस माणसं. तीन डबे, वर किटलीभर पाणी. ब्रायडीनं पाव कापला, मी पळीनं वाढत होते. उपास होता, नाक बंद होतं, पोटात कावळे ओरडत होते, पण चव घेतली नाही.

पहिल्या घासानंतर अशी शांतता पसरली की एकोणीस वर्षांत पसरली नव्हती. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग डेस हॅनराहन उठला, वाडगा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, अजून घाल. किटली आणलीच नव्हती त्यानं. त्याच्यामागे निळसर केसांची. तिच्यामागे ओळ. लोकांनी वाडगे पावानं पुसून घेतले. रोझालिंडा जवळ आली आणि अगदी हळू आवाजात कृती विचारली. मी म्हणाले, धीर आणि सचोटी.

फादर तेवढे चमचा हातात धरून वाडग्याकडे बघत बसले. मग नुसता पाव खाल्ला. तरुण माणसांचा उपास असाच असावा.

ब्रायडी डोकं दुखतंय म्हणून रुमाल मुठीत धरून लवकर घरी गेली. एवढ्या आनंदाच्या दिवशी.

सुख: लोकांनी माझ्याकडे मागून घेतलं. मागून.

शनिवार, १९ एप्रिल. सकाळी ८.

नाक उघडलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी घरचं मटणाचं सूप घ्यावं म्हणून फ्रीझरमधून डबा काढून गरम केला. भोपळ्याचा वास. नुसता भोपळ्याचा. दुसरा काढला. तिसरा. तिन्ही शुक्रवारचे. घरचा एकही डबा शिल्लक नाही.

स्टुलावर बसले.

मानेचं हाड म्हणजे काही मांस नव्हे. बार्लीचं प्रमाण जास्त होतं. वर पाणी घातलं होतं. हेतू शुद्ध होता. पण सिस्टर अलॉयशस असत्या तर यातलं एकही कारण ऐकून घेतलं नसतं.

ब्रायडीला सांगितलं. तिनं कपाटातून कालचा रुमाल आणला आणि टेबलावर उघडला. आत मानेच्या हाडाचा चिमुकला तुकडा.

"माझ्या वाडग्यात आला," ती म्हणाली. "पहिल्या घासालाच कळलं होतं मला. उठून सांगणार होते. तेवढ्यात डेसनं वाडगा पुढं केला आणि तू हसलीस. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये तुला हसताना पाहिलं नव्हतं गं, फिल. मग बसले गप्प."

मी म्हणाले, पाप लपवणं हेही पाप आहे. ती म्हणाली, असेल. आणि हाड धुऊन रश्शाच्या पातेल्यात टाकलं. काही तरी शिकली माझ्याकडून.

तरी अजून बिघडलेलं नाही. आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नाही. दहाला चर्चमध्ये कन्फेशन आहे, पापांची कबुली. फादरना सांगायचं, तिथलं तिथंच राहतं. मंगळवारी किल्ली माझी.

त्याच दिवशी, दुपारी १२.

कन्फेशनला एरवी तीन माणसं असतात, त्यातली एक मी. आज रांग दारापर्यंत. निळसर केसांची. रोझालिंडा. शाळेचे मास्तर. क्षणभर ऊर भरून आला. वाटलं, माझ्या चिठ्ठीनं गाव जागं झालं.

माझ्यापुढे डेस होता. लग्नानंतर हा कन्फेशनला आलेला मला आठवत नाही. मी म्हणाले, तुला इथं कुणी आणलं रे?

"तुझ्या सुपानं," तो म्हणाला. मागे वळलासुद्धा नाही. "दोन वाडगे खाल्ले मी, फिल. पहिला चुकून. दुसरा चुकून नाही."

मी रांगेकडे नीट पाहिलं. सगळ्यांनी भिंतीवरच्या संतांकडे बघायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा वाढून घेतलेले सगळे तिथं होते. एकही सुटला नव्हता.

माझी पाळी आली. सगळं सांगितलं. फादरनी विचारलं, मुद्दाम केलंत का? नाही म्हटलं. मग हे पाप नाही, मिस कॉस्टिगन, ते म्हणाले. म्हणजे पाहा, बाहेर अख्खं गाव माझ्या सुपाची माफी मागायला उभं आणि मला माफीसुद्धा मिळणार नाही. आणखी काही? असं त्यांनी विचारलं. रागाच्या भरात कुत्र्याचं सांगितलं. मधल्या जाळीपलीकडे बराच वेळ खोकत होते. केरळच्या माणसांना इथली हवा मानवत नाही.

रोझालिंडा बाहेर भेटली. कोंबडीच्या पुडीबद्दल ती काही म्हणेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं मिठी मारली. उत्तर तसंच राहिलं.

मंगळवार, २२ एप्रिल. रात्री ९.

कमिटी झाली. मी आधीच उभी राहून सांगून टाकलं. सूप मटणाचं होतं, चूक माझी, चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. कुणाला आश्चर्य वाटलं नाही. निदान दाखवायला तरी वाटायला हवं होतं.

मग मतदान. शुक्रवार रोझालिंडाकडे, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा. सगळे हात वर. डेसचाही. वर करताना खिडकीबाहेर बघत होता. किल्लीच्या फितीची गाठ सुटेना, शेवटी रोझालिंडानंच पिशवीतून नर्सची कात्री काढून मागून कापली. मान एकदम हलकी वाटली. आवडलं नाही.

रोझालिंडा म्हणाली, "गुरुवारी म्हाताऱ्यांचं जेवण असतं ना, मिस कॉस्टिगन, त्याला तुमचं सूप द्या. ते गुड फ्रायडेचं. लोक विचारतायत." मी म्हणाले, ते सूप म्हणजे चूक आहे, आणि मी चूक दर आठवड्याला करणार नाही. सगळ्यांनी मान डोलावली. आग्रह कुणी केला नाही. एकदा करायला हवा होता.

घरी आले. शनिवारी वितळवलेले तीन डबे तसेच फ्रिजमध्ये. शुक्रवारचं खरं सूप, पाप नसलेलं, एकोणीस वर्षांचं. आज मंगळवार, उपास नाही. म्हटलं, या लोकांची जीभ बिघडली आहे, हे एकदा स्वतः पाहून ठेवावं. वाडगाभर गरम केलं. टेबलावर बसले, रुमाल मांडीवर घेतला, चमचा भरला.

पोस्टात बत्तीस वर्षं जिभेनं तिकिटं ओली केली. त्यांना यापेक्षा बरी चव होती.

दुसरा चमचा घेतला, पहिला चुकीचा असेल म्हणून. तिसरा घेतला. वाया कसं घालवायचं? ब्रायडी समोर येऊन बसली. तिनं मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली.

मी घातलं.