बंधाऱ्याचे दोन बरगे

९ फेब्रुवारी

पावसाळ्यापासून या वहीत एक ओळ लिहिलेली नाही. रागावू नकोस. लिहायला बसले की स्वतःला प्रश्न विचारते, आणि मधले काही महिने ते नकोसं झालं होतं.

आज नदीखोरे समितीची पहिली एकत्र बैठक झाली. बंधाऱ्याच्या खालचे, म्हणजे आम्ही, सगळे हजर. वरच्या गावाचं एकही माणूस नाही. बंधारा त्यांच्याकडे. बरगे – पाणी अडवणाऱ्या त्या लोखंडी फळ्या – त्यांच्याकडे. दोन बरगे निघाले तर उन्हाळ्यात इकडच्या विहिरी आणि मासे तग धरतील. आणि मी, समितीची समन्वयक, रिकाम्या खुर्च्यांसमोर लोकसहभागावर बोलले.

पाटबंधारे खात्याचे अभियंता साहेब निघताना म्हणाले, ‘‘मार्चअखेर एकमत दाखवा, मॅडम. नाहीतर बंधाऱ्याला आमचं कुलूप, आणि तुमच्या समितीला रामराम.’’

१० फेब्रुवारी

वन्संचा फोन. नवऱ्याची ही धाकटी बहीण वरच्या गावात दिली आहे, त्यामुळे आमच्या घरातच नदीचे दोन पक्ष.

‘‘वहिनी, काल आमची पाणीपाळी होती. कालव्याला इतक्या दिवसांनी पाणी आलेलं सोडून तुमचा चहा प्यायला कोण येणार? तुम्ही मुद्दाम ठेवलीत का तारीख?’’

पाणीपाळ्यांचा तक्ता समितीच्या आमच्याच कार्यालयाने केलेला. माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलाय. त्याच्याकडे पाठ करून बसले आणि तारीख ठरवली!

‘‘मुद्दाम नाही,’’ म्हटलं.

‘‘मग तर जास्तच वाईट,’’ म्हणाल्या.

१६ फेब्रुवारी

पुढची तारीख आणि जागा त्यांनीच ठरवावी, असं कळवलं. एवढं सुचायला आठवडा का लागला?

२४ फेब्रुवारी

वन्संच्या अंगणात बसलो. मासेमारांच्या वतीने त्यांच्यातल्या एका मावशींना बरोबर नेलं होतं. माझ्या पिशवीत कराराचा मसुदा – व्यवस्थित, कलमवार. तो बाहेर काढायची वेळच आली नाही.

सुरुवात भांडणाने. वन्संचे दीर म्हणाले, ‘‘मागे एकदा खात्याने बरगे काढले ते गोदामात नेले. परत आले तेव्हा गंजून वाकडे. तो हंगाम आम्ही कोरडा काढला. आता पुन्हा हात लावू देणार नाही.’’

मावशी ताडकन म्हणाल्या, ‘‘आणि आम्ही काय गोदामात राहतो? आमच्याकडे डोह आटला की मासे तडफडतात, ते बघायला या एकदा.’’

वन्सं हसल्या. ‘‘बघायलाच बोलावताय की जेवायला?’’

‘‘आधी बघा. जेवण तुमच्या वागण्यावर.’’

मग सगळेच हसले, आणि बोलणं वळलं. वरच्यांना गव्हाचं शेवटचं पाणी होईपर्यंत थांबायचं होतं. मावशी म्हणाल्या, तेवढं थांबू. पण मग बरगे काठावरच ठेवा, तुमच्या डोळ्यांसमोर. आम्हाला लोखंड नको, पाणी हवं. शेवटी दीर म्हणाले, ‘‘विचार करतो. गावाला विचारावं लागेल.’’

परतताना मसुदा वाचला. त्यात गहू कुठेच नव्हता. लोकांनी सहभागी व्हायचं म्हणजे माझ्या कागदात येऊन बसायचं, असंच मी धरून चालले होते का?

३ मार्च

साहेबांकडे गेले. ‘‘बरगे खात्याची मालमत्ता. गोदामातच जाणार.’’ मी म्हटलं, गेले तर यापुढे कोणी काढूच देणार नाही. मग कुलपाची राखण रोज कोण करणार? साहेबांनी पेन टेबलावर आपटत ठेवलं. ‘‘ठेवा काठावर. चोरीला गेले तर तुम्हाला विचारीन.’’

हो म्हणून आले. मला तो अधिकार होता का? नव्हता. तरी बरं वाटलं. वन्संना तसं कळवलं.

११ मार्च

वरून काही निरोप नाही. दोनदा फोन हातात घेतला, ठेवला.

१५ मार्च

नवरा म्हणाला, ‘‘धाकटीला फोन कर की. नुसती घरभर फिरतेयस.’’ केला नाही. आठवण करून देणं आणि दटावणं यात फरक असतो, पण फोनवर तो ऐकू येत नाही. महिनाअखेर मात्र जवळ येतेय.

१९ मार्च

संध्याकाळी वन्संचाच फोन आला.

‘‘गव्हाचं पाणी झालं. उद्या सकाळी दोन बरगे काढतोय. मावशी आणि त्यांची माणसं येतायत हात लावायला. परवा आमची माणसं त्यांचा डोह बघायला जाणार. पावसाळा संपला की परत बसवायचे, तेही मिळूनच. सगळं आमचं आमचं ठरलं.’’

मी विचारलं, किती वाजता येऊ?

‘‘तुम्ही येऊ नका, वहिनी. राग मानू नका. तुम्ही आलात की त्याची बैठक होते.’’

उद्या : बंधाऱ्यावर जायचं नाही.